रयोकानमध्ये राहायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानची सहल ठरली की एखादी रात्र रयोकानमध्ये, म्हणजे तिथल्या पारंपरिक पाहुणघरात काढावी असं बहुतेकांच्या मनात येतं, आणि मग प्रश्न सुरू होतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट बऱ्याच उत्तरांत परत परत येईल: जे काही सांगायचं ते बुकिंग करतानाच सांगा. तुम्ही दारात उभे राहता तेव्हा तुमच्या संध्याकाळची तयारी आत कधीच सुरू झालेली असते.

१. रयोकान म्हणजे नेमकं काय? हॉटेलपेक्षा वेगळं काय असतं?

तातामीची, म्हणजे गवताच्या जाड चटया बसवलेली खोली, झोपायला जमिनीवर अंथरलेली गादी, रात्री अनेक पदार्थांचं जेवण, सकाळी न्याहारी आणि सर्वांसाठी एक मोठं स्नानघर, हे सगळं एकाच दरात. हॉटेलात आपण खोली घेतो आणि बाकी आपलं आपण बघतो. इथे दुपारी तीन ते दुसऱ्या दिवशी सकाळी दहा एवढ्या वेळाचा पाहुणचार घेतो, आणि त्याचं वेळापत्रक त्यांचं असतं. कारभार बघणारी मालकीण म्हणजे ओकामी; चहा, जेवण, खोली बघणाऱ्या बाई म्हणजे नाकाई-सान.

ही परंपरा फार जुनी आहे. यामानाशी प्रांतातलं निशियामा ओनसेन केइउनकान इ.स. ७०५ पासून चालू असल्याचं सांगितलं जातं; जगातलं सर्वांत जुनं हॉटेल म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे. इशिकावातलं होशी ७१८ सालचं. अर्थात तुम्ही राहाल ते बहुधा गेल्या साठ-सत्तर वर्षांतलं, लिफ्ट असलेलं काँक्रीटचं असेल. त्यात काही बिघडत नाही.

एक खबरदारी: २०१८ पासून कायद्याने हॉटेल आणि रयोकान एकाच परवान्याखाली आले. त्यामुळे पाटीवरच्या नावावर जाऊ नका. तातामीची खोली आणि दोन जेवणं आहेत का, ते पाहा. घरगुती, साध्या जागेला मिन्शुकु म्हणतात. शिराकावा-गोमधल्या उतरत्या गवती छपरांच्या घरांत राहता येतं, ते मिन्शुकुच. तिथे न्हाणी आणि संडास बहुधा सामायिक असतात.

२. खर्च किती येतो? साइटवर दिसतो तो दर खोलीचा की माणशी?

जपानी साइटवर माणशी. परदेशी साइटवर बऱ्याचदा पूर्ण खोलीचा. सर्वाधिक गोंधळ इथेच होतो, म्हणून पैसे भरण्याआधी किती माणसं आणि किती जेवणं धरली आहेत ते नीट वाचा.

दोन जेवणांसह मध्यम दर्जाचं रयोकान माणशी १५,००० ते ३०,००० येनच्या आसपास पडतं. मिन्शुकु यापेक्षा स्वस्त. खोलीतच गरम पाण्याचं कुंड असलेल्या आलिशान जागा ५०,०००च्या पुढे. गेली काही वर्षं येन ५५ ते ६५ पैशांच्या दरम्यान खाली-वर होतो आहे, म्हणजे २०,००० येन सुमारे अकरा ते तेरा हजार रुपये. शनिवारी, एप्रिल अखेरच्या गोल्डन वीकच्या सुट्ट्यांत, ऑगस्टच्या मध्यात ओबोन या पितरांच्या सणाला आणि नववर्षाला दर चढतात. ओनसेनच्या, म्हणजे गरम झऱ्याच्या गावी स्नानकर वेगळा, बहुतेक ठिकाणी माणशी दिवसाला १५० येन. काही शहरांत निवास कर त्याहून निराळा. ही रक्कम बहुधा तिथेच रोख मागतात.

दोघांचे पंचवीस हजार रुपये एका रात्रीसाठी जास्त वाटतात, हे खरं. पण त्यात दोन मोठी जेवणं आहेत, आणि त्या दिवशी बाहेर दुसरं काही करायचंही नसतं.

३. कुठलं गाव निवडावं? टोकियो-क्योटोतच घेतलं तर चालेल?

चालेल, पण शहरातल्या रयोकानमध्ये गरम झऱ्याचं पाणी असेलच असं नाही, आणि दिवसभर देवळं फिरून रात्री आठला पोहोचलात तर पैसे वाया. माझं मत: शहरात साधं हॉटेल घ्या आणि रयोकानसाठी ओनसेनचं गाव निवडा.

टोकियोहून सोपं म्हणजे हाकोने. शिंजुकूहून रोमान्सकार गाडीने दीड तासाच्या आत हाकोने-युमोतोला उतरता येतं. पाण्यासाठीच जायचं तर गुन्मातलं कुसात्सु. गावात रेल्वे नाही, बसने जावं लागतं, आणि गावाच्या मधोमध वाफाळतं गंधकाचं पाणी लाकडी पन्हाळींतून वाहत असतं. क्योटो-ओसाकाकडून जाणाऱ्यांना मी आधी किनोसाकी सुचवते. ह्योगो प्रांतातल्या या गावात सात सार्वजनिक स्नानगृहं आहेत. रयोकानमध्ये उतरलेल्यांना त्या सातही ठिकाणी मोफत प्रवेशाचा पास मिळतो आणि सगळं गाव युकाता, म्हणजे साधा सुती किमोनो घालून, गेता या लाकडी चपला खडखडवत एका स्नानगृहातून दुसऱ्याकडे हिंडत असतं. पहिल्यांदा जाणाऱ्याचा संकोच तिथे लवकर जातो, कारण रस्त्यावरचे सगळेच तुमच्यासारख्या वेशात असतात.

शाकाहारी असाल तर गाव ठरवण्याआधी प्रश्न १० आणि ११ वाचा. तुमचं गाव कदाचित त्यावरून बदलेल.

४. किती रात्री राहावं?

पहिल्यांदा जात असाल तर एक. दोन रात्री राहिलात तर दुसऱ्या दिवशी तसंच भरगच्च जेवण पुन्हा येतं, आणि आपल्या जिभेला तोवर वरण-भाताची आठवण यायला लागलेली असते.

५. दुपारी तीनला चेक-इन म्हणतात. सातला पोहोचलो तर?

रात्रीचं जेवण सहा ते साडेसातच्या दरम्यान असतं आणि एकेक पदार्थ त्या वेळेवर शिजत असतो. पंगत बसल्यावर आलेल्या पाहुण्यासारखी तुमची गत होते, फरक इतकाच की इथे दुसरी पंगत नसते. बऱ्याच ठिकाणी सहाच्या आत पोहोचा असं स्पष्ट लिहिलेलं असतं. गाडी चुकली तर लगेच फोन करा किंवा करवून घ्या. स्टेशनवरच्या पर्यटक माहिती केंद्रातली माणसं मदत करतात. न कळवता उशीर केलात तर जेवण रद्द, आणि त्याचे पैसे परत नाहीत.

खरं तर साडेतीन-चारला पोहोचणं उत्तम. चहा आणि एखादा गोड पदार्थ मांडलेला असतो, जेवणाआधी एक स्नान होतं. छोट्या जागांना रात्री दहा-अकराला कुलूप लागतं, तेही विचारून ठेवा.

६. आमच्याकडे दोन मोठ्या बॅगा आहेत. तातामीवर चालतील?

चाकं तातामीवर अजिबात फिरवू नका, गवत फाटतं. बॅग उचलून आणा आणि खोलीच्या कडेला लाकडी जमीन असेल तिथे ठेवा. भिंतीत एक चौथऱ्यासारखा कोनाडा दिसेल, वर चित्राची गुंडाळी आणि खाली फुलदाणी. त्याला तोकोनोमा म्हणतात. सामान ठेवायला ही जागा अगदी सोयीची वाटते आणि आपली माणसं नेमकी तिथेच बॅग टेकवतात. तो खोलीतला मानाचा कोपरा आहे; तिथे बॅग नको, बसणंही नको.

याहून चांगला उपाय म्हणजे बॅगा पुढच्या शहरातल्या हॉटेलवर कुरियरने पाठवणं. पिल्लू तोंडात धरलेल्या काळ्या मांजरीचं चिन्ह दिसेल ती यामातो कंपनी. हॉटेलच्या काउंटरवरून किंवा अनेक कन्व्हीनियन्स स्टोअरमधून पाठवता येतं, बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचतं, मोठ्या बॅगेला दोन-तीन हजार येन पडतात. आपण एका रात्रीची पिशवी घेऊन मोकळे. तोकाइदो शिंकान्सेन या टोकियो-ओसाका बुलेट ट्रेनमध्ये लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेलेल्या बॅगेसाठी २०२० पासून खास सीट राखून ठेवावी लागते, ती कटकटही वाचते.

७. चपला कुठे काढायच्या? स्लिपरची भानगड काय आहे?

दारातून आत आल्यावर खोलगट जागा असते, तिथे बूट काढायचे आणि वरच्या पायरीवर पाऊल ठेवायचं. बाहेरचे बूट त्या पायरीला लागू द्यायचे नाहीत. पुढे व्हरांड्यात स्लिपर, तातामीवर मात्र स्लिपरही नाही. नुसते मोजे किंवा अनवाणी. हे आपल्याला जड जात नाही.

चुकतं ते संडासात. तिथे आत वेगळ्या प्लॅस्टिकच्या स्लिपर असतात. त्या आतच वापरायच्या आणि बाहेर पडताना पुढच्या माणसाच्या दिशेने तोंड करून ठेवायच्या. त्याच घालून जेवणाच्या दालनात येणारा एक तरी पाहुणा रोज असतो. कोणी बोलत नाही, पण सगळ्यांना दिसतं.

८. युकाता कसा घालायचा? आत काय घालायचं? जेवायला चालतो का?

डावी बाजू उजवीवर. समोरून पाहणाऱ्याला इंग्रजी वाय अक्षर दिसलं पाहिजे. उजवी बाजू डावीवर आली तर ती प्रेताला नेसवण्याची पद्धत, म्हणून नाकाई-सान धावत येऊन सरळ करतील. आत नेहमीचे अंतर्वस्त्र, हवं तर बनियन किंवा स्लिप. थंडीत वरून घालायला जाड जाकीट मिळतं. पुरुषांनी पट्टा कमरेच्या खाली, बायकांनी कमरेवर बांधावा. जेवायला, स्नानाला, झोपायला आणि ओनसेनच्या गावात रस्त्यावरही चालतो. उंच किंवा जाड असाल तर मोठं माप मागा, असतं. घरी न्यायला तो फुकट नाही.

९. जेवणात काय काय येतं?

काइसेकी पद्धतीचं जेवण म्हणजे लहान लहान बशांची रांग. सुरुवातीला एखादा घास, मग सूप, कच्च्या माशाचे काप, उकडलेलं काही, भाजलेला मासा किंवा मांस, बहुधा समोर छोट्या चुलीवर स्वतः शिजवायचं एक भांडं, आणि सर्वांत शेवटी भात, मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनचं) सूप व लोणचं. भात शेवटी येतो हे लक्षात असू द्या. भात येईपर्यंत काही खायचं नाही असं ठरवून बसलेले काका उपाशी उठतात.

सकाळी पुन्हा भात, मिसो, भाजलेला मासा, नोरी हे वाळवलेलं समुद्री शेवाळ, उमेबोशी हे खारवलेलं आंबट फळ, अंड्याची गुंडाळी आणि नात्तो, म्हणजे तार सुटणारं आंबवलेलं सोयाबीन. नात्तो एकदा चाखून बघा. दुसऱ्यांदा चाखावा असा आग्रह मी करणार नाही.

१०. आम्ही शाकाहारी आहोत. साइटवर ‘व्हेजिटेरियन’ निवडलंय, एवढं पुरे ना?

नाही. हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

अडचण मांसाची नाही, ते टाळणं सोपं आहे. अडचण दाशीची आहे. कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून धुरी दिलेल्या बोनितो माशाचे पातळ काप, आणि कोम्बु हे समुद्री शेवाळ यांचं पाणी म्हणजे दाशी. मिसो सूप, शिजवलेल्या भाज्या, अंड्याची गुंडाळी, तेम्पुरा या भज्यांबरोबरची पातळ चटणी, सोबा या शेवयांचं पाणी, सगळ्यात ती असते. पालकाच्या साध्या भाजीवरही वर गुलाबी पापुद्रे भुरभुरवलेले असतात आणि वाफेने ते हलतात, ते माशाचेच. स्वयंपाक्याच्या दृष्टीने त्या पालकात मासा ‘नाही’. तो खोटं बोलत नाही. मीठ घातलंय का असं विचारल्यासारखं त्याला वाटतं.

म्हणून बुकिंग करताना लेखी विचारा: मासा, मांस, कोंबडी खात नाही, माशाची दाशीही चालत नाही, कोम्बु किंवा शिइताके मशरूमची दाशी चालेल, अंडं आणि दूध चालतं की नाही तेही लिहा. तोंडी सांगायची वेळ आली तर हे पाठ करा: ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन. कात्सुओ नो दाशी मो दामे देस्. कोम्बु दाशी वा दाइजोबु देस्.’

उत्तर तीनपैकी एक येईल. ‘करू’ आलं तर छान. ‘मासा-मांस काढू पण दाशी बदलता येणार नाही’ आलं तर निर्णय तुमचा. ‘जमणार नाही’ आलं तर रागावू नका. छोट्या जागेत एकच स्वयंपाकी असतो आणि दाशीचं पातेलं सकाळीच चढलेलं असतं. स्पष्ट नकार देणारी जागा ‘बघू’ म्हणणाऱ्या जागेपेक्षा बरी. तिथेच राहायचं असेल तर बिनजेवणाची खोली घ्या, पण त्याआधी प्रश्न २२ पाहा. आयत्या वेळी, जेवायला बसल्यावर सांगितलं तर भात, लोणचं आणि नुसता तोफू एवढंच हाती लागेल, आणि मालकीण रात्रभर खजील होईल ती वेगळीच.

११. कांदा-लसूणही चालत नाही. मग जपानमध्ये राहायचंच नाही का?

उलट, तुमच्यासाठी सर्वांत चांगली जागा आहे: कोयासान. वाकायामा प्रांतात सुमारे ८०० मीटर उंचीवर बौद्ध शिंगोन पंथाचं हे गाव कुकाई या आचार्यांनी ८१६ साली वसवायला घेतलं. इथे शंभरावर मंदिरं आहेत, त्यांतली सुमारे ५० पाहुण्यांना उतरवून घेतात. या मंदिरातल्या मुक्कामाला शुकुबो म्हणतात. तातामी, गादी, युकाता, सामायिक स्नान, सगळं रयोकानसारखंच. जेवण मात्र शोजिन र्‍योरी. त्यात मांस नाही, मासा नाही, दाशी कोम्बु आणि शिइताकेची, आणि परंपरेने कांदा, लसूण व तशा उग्र भाज्याही वर्ज्य. तिळाचा मऊसूत गोमा-दोफु आणि गोठवून वाळवलेला कोया-दोफु ही इथली खासियत. स्पंजासारखा कोया-दोफु चॉपस्टिकने दाबला की आतला रस बशीत उतरतो. तसं करू नका, अख्खा तोंडात टाका. गंमत म्हणजे बऱ्याच मंदिरांत जेवणाबरोबर बीअर मागता येते.

ओसाकाच्या नाम्बाहून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशी, तिथून केबल कार. जेवण साडेपाच-सहाला, पहाटे सहा-साडेसहाच्या सुमारास प्रार्थना. पाहुण्यांना बसता येतं. थंडी टोकियोपेक्षा बरीच जास्त असते, संडास बहुधा व्हरांड्याच्या टोकाला असतो, हे वयस्कांना आधी सांगा. मराठी माणसाला इथे आणखी एक ओळखीची गोष्ट भेटते: कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं.

जैन मंडळींसाठी मात्र एक अडचण उरते. शोजिन जेवणात मुळा, गाजर, कमळकाकडी, गोबोचं मूळ, कंदापासून केलेलं कोन्न्याकु हे सगळं असतं, मशरूमही भरपूर. जमिनीखालचं काहीच नको असेल तर ते जवळजवळ सगळं ताट काढून टाकण्यासारखं आहे. लिहून विचारा, पण नकाराची तयारी ठेवा.

१२. मासे खातो, पण बीफ-पोर्क नको. हे जमतं का?

सहज. ‘ग्यूनिकु, बुतानिकु दामे’ एवढं आधी कळवलं की त्या जागी मासा किंवा कोंबडी येते. न कळवलंत तर मात्र चुलीवरच्या भांड्यात वाग्यूचे, म्हणजे जपानी बीफचे काप येण्याची शक्यता दाट आहे, कारण त्यांच्या मते ताटातला तोच सर्वांत मानाचा पदार्थ.

१३. बरोबर ठेपले, चिवडा, मॅगी नेलं तर?

कोरडा खाऊ खोलीत कोणी विचारत नाही. ठेपले, चिवडा, लाडू खुशाल न्या. शिजवणं मात्र नाही: इंडक्शन, राइस कुकर, फोडणी, काहीही नाही. खोलीतल्या किटलीत फक्त पाणी तापवा. आपल्याकडची २३० व्होल्टची किटली तिथल्या १०० व्होल्टवर कोमट पाणी देण्यापलीकडे काही करत नाही. जेवणाच्या दालनात स्वतःचं लोणचं काढायचं असेल तर नाकाई-सानना खुणेने विचारून घ्या. वासाचं भान ठेवा. तातामी आणि कागदी दारं वास धरून ठेवतात.

याच कारणाने, आणि आगीच्या भीतीने, खोलीत निरांजन किंवा अगरबत्ती लावू नका. हात जोडायला हरकत कशाला असेल?

१४. आई-बाबांचे गुडघे दुखतात. जमिनीवर झोपणं-बसणं जमेल?

‘वायोशित्सु’ प्रकारची खोली मागा, तिच्यात तातामीही असते आणि पलंगही. जेवणासाठी टेबल-खुर्ची आहे का ते विचारा. आता बऱ्याच ठिकाणी असते. बिनपायांची पाठ टेकायची खुर्ची, झाइसु, ही गुडघ्यांसाठी उपाय नाही, कारण बसायचं जमिनीवरच आहे. संडास आता बहुतेक ठिकाणी पाश्चात्त्य पद्धतीचे, बऱ्याच ठिकाणी पाण्याच्या फवाऱ्याचे, तेव्हा ती चिंता नको.

गादी संध्याकाळी तुम्ही जेवत असताना येऊन अंथरतात आणि बऱ्याच ठिकाणी सकाळी न्याहारीच्या वेळी उचलतात. म्हणजे तुमच्या मागे खोलीत माणसं येणार. पैसे-पासपोर्ट तिजोरीत ठेवा. पातळ वाटली तर कपाटात बहुधा आणखी एक गादी असते, ती खाली घाला.

१५. स्नानघरात खरंच सगळे कपडे काढावे लागतात?

हो, सगळे. पोहण्याचा पोशाखही चालत नाही. वज्रेश्वरीच्या कुंडात आपण कपड्यांसकट उतरतो. इथे कपडा पाण्यात जाणं हेच अस्वच्छ मानतात. पुरुष आणि बायकांची स्नानघरं वेगळी असतात. निळा पडदा बहुधा पुरुषांचा, लाल बायकांचा, पण खात्रीसाठी वरचं अक्षर पाहा. एक ठेच इथे नेमकी लागते: अनेक रयोकान रात्री आणि सकाळी दोन्ही स्नानघरांची अदलाबदल करतात, म्हणजे पाहुण्यांना दोन्ही बघायला मिळावीत. काल रात्री ज्या दारातून गेलात त्याच दारातून सकाळी डोळे चोळत आत शिरू नका.

क्रम असा. कपडे टोपलीत. लहान टॉवेल घेऊन आत. ठेंगण्या स्टुलावर बसून साबणाने पूर्ण अंघोळ, उभं राहून नाही, शेजाऱ्यावर शिंतोडे उडतात. साबण पूर्ण धुऊन, केस वर बांधून मग कुंडात. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवा. पाणी बहुधा ४० ते ४२ अंश असतं, पहिल्यांदा आठ-दहा मिनिटं पुरे. आत फोन नाही, पोहणं नाही, मोठ्याने गप्पा नाहीत.

तरीही संकोच वाटत असेल तर दोन वाटा आहेत: तासाभरासाठी फक्त आपल्याला मिळणारं स्नानघर, काशिकिरी, किंवा खोलीतच कुंड असलेली खोली. नवरा-बायकोला एकत्र जायचं असेल तरी हेच. शिवाय रात्री साडेअकराच्या सुमारास, बंद झालं नसेल तर, मोठं स्नानघर बहुधा रिकामंच असतं.

१६. लग्नानंतर लगेच जातोय, हातावर मेंदी आहे. टॅटू समजतील का?

समजू शकतात. टॅटूचा संबंध तिथे याकुझा या गुन्हेगारी टोळ्यांशी जोडला जात असे. जपानच्या पर्यटन खात्याच्या २०१५ च्या पाहणीत सुमारे ५६ टक्के ठिकाणी टॅटू असलेल्यांना मनाई होती. मेंदी धुतली की काही दिवसांत जाते हे तिथल्या बाईला माहीत असण्याचं कारण नाही. तिला कोपरापर्यंत नक्षी दिसते. फोटो पाठवून आधी विचारा, किंवा सरळ काशिकिरी घ्या. अगदी ताजी मेंदी पांढऱ्या टॉवेलला आणि गादीच्या चादरीला रंग सोडते, तेव्हा निदान दोन-तीन दिवस जाऊ द्या.

खरा टॅटू लहान असेल तर चिकटपट्टीने झाकून चालतं का ते विचारा. मोठा असेल तर किनोसाकी गाठा, तिथल्या सातही सार्वजनिक स्नानगृहांत टॅटू चालतो.

१७. मंगळसूत्र, जोडवी काढावी लागतील का?

नियम म्हणून कोणी सांगणार नाही, पण काढा. कुसात्सुसारख्या किंवा हाकोनेतल्या काही गंधकाच्या पाण्यात चांदी काही मिनिटांत काळवंडते. पैंजण आणि जोडवी आधी जातात. सोन्यातही तांबं-चांदी मिसळलेली असते, त्यामुळे डाग पडू शकतो. जोडवी बोटातून निघत नसतील तर गावचं पाणी गंधकाचं नाही ना, ते आधी विचारा. दागिने टोपलीत न ठेवता खोलीतल्या तिजोरीत ठेवून जा.

१८. पाळी आली तर? गरोदर असेन तर? रक्तदाब आहे, चालेल?

पाळीत सामायिक कुंडात उतरू नये, हा तिथला संकेत आहे. बसून अंघोळ करायला हरकत नाही. खोलीत न्हाणी असेल तर प्रश्नच मिटला.

ओनसेन कोणी टाळावं याच्या सरकारी यादीत गरोदरपण होतं, ते २०१४ च्या सुधारणेत वगळलं गेलं. तरी जुन्या पाट्या अजून दिसतात. फार गरम पाणी आणि निसरडी फरशी यांचा धोका आहेच, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनीही तेच. सर्वांसाठी: दारू पिऊन, भरल्या पोटी किंवा एकट्याने फार वेळ बसू नका, आणि आधी-नंतर पाणी प्या.

१९. लहान मुलांना घेतात का? त्यांचे पैसे कसे?

बहुतेक घेतात, काही शांत जागा घेत नाहीत. मोठ्यांसारखं जेवण हवं तर सुमारे ७० टक्के, मुलांचं ताट हवं तर ५०, फक्त गादी हवी तर ३० टक्के असा हिशेब बऱ्याच ठिकाणी असतो. डायपर घातलेल्या बाळाला सामायिक कुंडात नेऊ देत नाहीत. कागदी दारांना बोट लागलं की भोक पडतं. भोक पडलंच तर लपवू नका, सांगा.

२०. एकटीच जातेय. खोली मिळेल?

मधल्या वारी मिळते, शनिवारी अवघड. दर माणशी असल्यामुळे दोघांच्या खोलीत एकटी व्यक्ती आली की त्यांचं निम्मं उत्पन्न बुडतं, म्हणून काही नकार देतात, काही जास्त आकारतात. मिन्शुकु आणि कोयासानची मंदिरं एकट्यांना तुलनेने सहज घेतात. पासपोर्ट जवळ ठेवा. जपानमध्ये पत्ता नसलेल्या परदेशी पाहुण्यांचा पासपोर्ट बघून त्याची प्रत ठेवतात.

२१. टिप द्यायची का? बुकिंग रद्द केलं तर?

टिप नको. फार खास मदत लागणार असेल तर नव्या नोटा पाकिटात घालून, पोहोचल्यावरच नाकाई-सानना देण्याची जुनी पद्धत आहे, पण परदेशी पाहुण्याकडून कोणी अपेक्षा करत नाही. टेबलावर सुटे पैसे ठेवलेत तर विसरलात समजून मागे धावत येतील. घरून नेलेला खाऊ दिलात तर आनंद होतो.

रद्द करायचं तर लवकर. बहुतेक जागा काही दिवस आधीपासून थोडी रक्कम कापतात, आदल्या दिवशी निम्मी किंवा जास्त, न कळवता न गेल्यास पूर्ण. चारांपैकी एकाने माघार घेतली तरी हा नियम त्या एका माणसाला लागतो, कारण मासळी चौघांची आणलेली असते.

२२. बिनजेवणाची खोली घेतली आणि तिथे गेल्यावर जेवावंसं वाटलं तर?

त्या रात्री मिळणार नाही. दोन-तीन दिवस आधी कळवलं तर जोडून देतात. सकाळची न्याहारी कधीकधी आदल्या संध्याकाळपर्यंत मिळते. ओनसेनच्या गावांत खाणावळी कमी आणि त्या लवकर बंद होतात. रात्री आठनंतर अनेक गावांत फक्त शीतपेयांची यंत्रं चालू असतात. म्हणून गाडीत बसण्याआधीच्या स्टेशनवर खरेदी करा. कन्व्हीनियन्स स्टोअरमधल्या भाताच्या त्रिकोणी ओनिगिरींपैकी उमेबोशीची बहुतेकदा बिनमाशाची असते, पण पाकिटावरच्या घटकांचा फोटो काढून भाषांतराच्या अ‍ॅपमधून बघून घ्या. कोम्बुच्या ओनिगिरीत माशाचा अर्क असू शकतो.